मागच्या दारचा समुद्र

लग्नाला तीस वर्षं झाली, पण सकाळी उठून हिने पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं, असं कधी घडलं नाही. मागचं दार उघडून ती आधी समुद्र बघायची. लाटा कुठे फुटतायत, वारा कुठून सुटलाय, सगळं निरखायची. मला ताप आला तर तिला संध्याकाळी कळायचं! त्या खाऱ्या पाण्यावर मी मनातून जळायचो.

परवा मी निवृत्त झालो. काल सकाळी मागचं दार उघडलंच नाही.

“अगं, समुद्र बघायचा राहिला!” मी खवचटपणे म्हटलं.

“आता कशाला?” ती चहा गाळत म्हणाली, “तुम्हाला कुठे होडीतून खाडी ओलांडायचीय?”

तेव्हापासून मला हेवा वाटतो तो डबा घेऊन रोज होडीत बसणाऱ्या त्या कारकुनाचा, म्हणजे माझाच.