कापलेल्या स्प्रिंगांची गाडी

"गाडी तुटली, अन् हे बी गेले," मेहरुनभाभींनी फोनवर एवढंच सांगितलं. आधी गाडी, मग नवरा... गडचांदुरात रशीदला ओळखणाऱ्या कुणालाही त्या क्रमाचं नवल वाटलं नसतं.

रशीद माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आणि समोर माझं टायरचं. कोरपन्याकडचे शेतकरी जळालेले पंप घेऊन त्याच्याकडे यायचे आणि पंपाबरोबर चार लोकांत अपमानही घेऊन जायचे. एका म्हाताऱ्याला तो म्हणाला होता, "मोटर जळली, तू काऊन राह्यला?" म्हातारा कसनुसा हसला होता. रशीद दिसायला देखणा, हाताला जादू आणि जिभेला दया नाही. त्याची वाट बघत बाकड्यावर बसलेले लोक आपली पाळी येईपर्यंत हसत राहायचे.

मग त्याने कुणीतरी वापरून टाकलेली जुनी, लांब नाकाची गाडी घेतली आणि तिच्या स्प्रिंगा कापून घेतल्या. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसायला हवी होती त्याला. आमचे रस्ते सिमेंटच्या ट्रकांनी उखडलेले. थोड्याच महिन्यांत तिचे टायर आतल्या बाजूने तारेपर्यंत झिजले, बाहेरून मात्र नवे दिसत. धक्के झेलणारे शॉकॉप्सर तेल गाळू लागले, सांध्यांमधल्या बुशांच्या रबराचा भुगा झाला. मी गाडी जॅकवर घेऊन त्याला चाक हलवून दाखवलं. ज्या बॉल जॉइंटवर चाक तोललेलं असतं तो तिरका ताण सोसून खिळखिळा झाला होता. म्हटलं, "रशीद, हा सुटला तं चाक आत मुडपन." तो म्हणाला, "तू टायर विक."

भाभींच्या कमरेची गादी सरकलेली. त्या गाडीत प्रत्येक खड्डा सरळ पाठीत शिरायचा. त्या कण्हल्या की तो त्यांना गप्प करायचा, म्हणायचा की गाडीचा आवाज ऐकू येऊन नाही राह्यला. स्पीडब्रेकर आला की त्यांना खाली उतरवायचा. वजन कमी झालं की गाडीचं पोट घासत नाही म्हणून. मग गाडी तिरकी घालून इंचाइंचाने काढायचा, मागे ट्रकांची रांग लागायची, आणि भाभी पदर सावरत बाजूने चालत राहायच्या. एकदा माझ्या दुकानात भरल्या माणसांत तो म्हणाला, "गाडीचे बुश गेले, बायकोचे बी गेले. गाडीचे तं बाजारात भेटते." भाभी तिथेच उभ्या होत्या.

त्या सकाळी त्याच्या छातीत कळ आली, घाम फुटला. शेजाऱ्याने आपली जीप दारात आणून लावली. रशीदने नकार दिला. त्या डब्यात बसलो तर जिवंतपणीच मयत दिसन, म्हणाला. स्वतःच स्टिअरिंगवर बसला, भाभी शेजारी. गाव सोडून चंद्रपूरच्या रस्त्याला लागल्यावर एका खड्ड्यात पुढचं चाक आत मुडपलं आणि गाडी भर रस्त्यात बसली.

भाभी उतरून हात करत राहिल्या. पण त्या रस्त्यावर ती गाडी सगळ्यांना ठाऊक होती. रशीद पुन्हा रस्ता अडवून बसला असं समजून ट्रकवाले हॉर्न वाजवत बाजूने गेले. एका मोटरसायकलवाल्याने थांबून मोबाइलवर शूटिंग केलं. "आज पुरा बसला," म्हणाला आणि निघून गेला.

रशीद शुद्धीवर होता. मयतीचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी मला सांगितलं, डोळ्यांत पाणी न आणता. "मले वाटलं, पानी मांगतीन. मले म्हणाले, तुह्या वजनानं तुटलं." भाजीचा टेम्पो थांबला तोवर संपलं होतं.

गाडी माझ्याकडे ओढून आणली. ती भंगारात जाईल असंच मी धरून चाललो होतो. भाभी म्हणाल्या, पूर्ण उंचीच्या स्प्रिंगा टाका, बाकी जे झिजलं ते सगळं बदला. लोकांनी नावं ठेवली. त्या माहेरी, बल्लारपुरात, लग्नाआधीच गाडी शिकल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. संसारात त्यांच्या हाती कधी किल्ली आली नव्हती. आता कमरेसाठी दवाखान्यात त्या स्वतः गाडी चालवत जातात. रस्त्यात कुणी ती गाडी ओळखत नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ एका लोखंडी कड्यावर ठेवलेला होता. कड्याच्या टोकाला करवतीची खूण होती. स्प्रिंगेचा कापलेला वेढा... माठ डुगडुगतो असं त्या रशीदला म्हणाल्या होत्या, तर ज्या दिवशी स्प्रिंगा कापल्या त्या दिवशी त्यानेच तो वेढा घरी आणून माठाखाली सारला होता.

मी विचारलं, गाडीच्या बाकीच्या भंगारासोबत हेही घेऊन जाऊ का? भाभींनी पेला बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"राहू द्या, भाऊ. मले त्यायनं आणून देल्लेलं तेवढंच होय."