बुधवारच्या पुऱ्या

१४ जानेवारी २००६, शनिवार. तीन जोडप्यांचे मिळून तीन हजार सहाशे युरो. हार्लेममधल्या आमच्या घरी त्या संध्याकाळी सहाजण होतो: स्लोटरडाइकच्या ऑफिसातला माझा डच सहकारी, त्याची बायको, त्यांच्या ओळखीचं एक जोडपं आणि आम्ही दोघं. फेब्रुवारीत ऑस्ट्रियातल्या डोंगरावर आठवडाभर एक लाकडी घर घ्यायचं ठरत होतं. नाश्ता, दुपारचा केक आणि रात्रीचं जेवण तिथली स्वयंपाकीण करणार. बुधवारी मात्र तिची सुट्टी. त्या रात्रीच्या हॉटेलसाठी माणशी तीस युरो वेगळे धरा, असं सहकाऱ्याने सांगितलं.

सहा त्रिक अठरा, म्हणजे एकशेऐंशी. मी लगेच म्हणालो, "कशाला? बुधवारी ही करेल."

ही आत चहा गाळत होती. सगळे खूश झाले. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

या सहलीत तिला एकच गोष्ट हवी होती. शेहेचाळिसाव्या वर्षी तिला स्कीइंग शिकायचं होतं. सेकंडहँड दुकानातून तिने बर्फात घालायची पँट आणली होती. ती चढवून जिन्याच्या कठड्याला धरून गुडघे वाकवत उभी राहायची, आणि मी हसायचो.

तिथे गेल्यावर आम्ही दोघांनी नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. सोमवार, मंगळवार सपाटीवर पडण्यात आणि उठण्यात गेले. बुधवारी सकाळी लिफ्टने वर नेऊन खऱ्या उतारावरून खाली आणणार होते.

गावातलं दुकान मात्र बाराला बंद व्हायचं, ते थेट तीनला उघडायचं. तीननंतर भाजी आणून सहा माणसांचं कसं उरकणार, असं मीच तिला म्हटलं. तिने पँट परत खुंटीला लावली आणि पिशवी घेऊन दुकानात गेली. मी वर्गाला गेलो.

रात्री बटाट्याचा रस्सा, फ्लॉवर-मटार, मसालेभात आणि हार्लेमहून नेलेल्या कणकेच्या पुऱ्या. आम्ही पाचजण टेबलाशी, ती शेगडीशी. पुऱ्या फुगून येत होत्या आणि मी उतारावरून तीनदा कसा आलो ते सांगत होतो. सहकाऱ्याची बायको मध्येच उठली. त्या कधी बसणार, असं तिने मला विचारलं.

"पुरी गरमच खायची असते," मी म्हणालो. "तिला सवय आहे."

ती बाई परत बसली, पण तिने पुढची पुरी घेतली नाही. मला ते दिसलं, तरी मी माझी घेतली.

गुरुवारी नाश्ता झाल्यावर सहकाऱ्याच्या बायकोने माझ्या बायकोपुढे एक पाकीट ठेवलं. आत एकशेवीस युरो होते. त्या चौघांचे हॉटेलचे वाचलेले.

मी पाकीट उचलून परत तिच्याकडे सरकवलं. मैत्रीत पैसे कसले, असं काहीसं बोललो.

"मैत्री असती तर त्या आमच्याबरोबर बसून जेवल्या असत्या," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आणि हे तुम्हाला दिलेले नाहीत."

माझे कान तापले. मी मराठीत बायकोला म्हणालो, "अगं, परत कर. काय वाटेल लोकांना?"

"जे वाटायचं ते काल रात्रीच वाटून झालंय," ही म्हणाली. पाकीट घेतलं, नोटा मोजल्या. "अहो, एकशेवीसच आहेत. तुमचे तीस राहिले."

ती चेष्टा करतेय असं वाटून मी हसलो. ती हसली नाही. समोरच्या चौघांना मराठी येत नव्हतं, तरी मी खिशात हात घातल्यावर त्यांनी नजर कपातल्या कॉफीकडे वळवली.

शुक्रवारी सकाळी मी उताराच्या पायथ्याशी तिचे नेहमीचे बूट हातात धरून उभा होतो. ती शिक्षकामागून वळणं घेत आली, दोनदा पडली, हात न मागता उठली. खाली आल्यावर माझ्याकडे न बघताच पुन्हा लिफ्टच्या रांगेत गेली.

तीन तास, एकटीसाठी एक शिक्षक: दीडशे युरो. स्की-शाळेच्या खिडकीवर तिने स्वतः भरले. त्यातले तीस माझे होते, आणि तेही मागितल्यावर दिलेले.