सगळ्या कुलपांना एकच किल्ली

धाकट्या, कपाटासाठी लिहीत नाही. ते बंद आहे, राहू दे बंद. तू झोपतोस की नाही एवढंच कळव. खोटं लिहिलंस तर मला अक्षरावरून कळतं.

एवढं लिहून ताईनं चष्मा काढला. भावाला फोन करायची सोय नव्हती, कारण त्याचा फोन तिच्याच टेबलावर पडला होता.

तीस वर्षं तो किल्ल्या बनवत होता. कोणाचं दार आतून लागलं, कोणाची किल्ली कुलपात मोडली, की हाक यालाच. एकदा एका घरात तान्ही मुलगी आत आणि शेगडी चालू, असं झालं. त्यानं वेळेवर दार उघडलं, पण तेव्हापासून फोन उशाशी आला आणि झोप गेली ती गेलीच. झोप नाही म्हणून डोकं दुखे. डोक्यावर गोळी, तीही रिकाम्या पोटी, कोऱ्या चहाबरोबर. पुढे पोटात आग पडायला लागली, तर त्यावरही तीच गोळी.

"अरे, पोटाला ती कशी चालेल?" ताईनं विचारलं होतं.

"दुखणं ते दुखणं, ताई. कुठलं ते गोळीला काय कळतंय?"

"आणि गिऱ्हाइकाला काय सांगतोस? सगळ्या कुलपांत एकच किल्ली घालू नका, आतले खटके झिजतात."

"ते कुलपांचं झालं."

"मग तू काय तिजोरी लागून गेलास?"

तो हसला. नंतर शौचाला काळं होऊ लागलं, तेही आठ दिवस त्यानं कोणाला सांगितलं नाही. लोकांच्या घरची गुपितं पोटात ठेवणारा माणूस, त्यात आपलंही एक ठेवलं. शेवटी दुकानातच चक्कर येऊन पडला.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढ्यात ठेवले. "अल्सरमधून रक्त गेलंय. गोळीनं पोट पोखरलं आणि किडन्याही. जागरणानं रक्तदाब चढलाय, त्याचा मार पुन्हा किडन्यांनाच. आता त्या निम्म्याच चालताहेत. उरलंय ते टिकवायचं. ही गोळी कायमची बंद, आणि झोप हवी."

"झोप कुठून आणू? कानशीनं घासून होत असती तर केली असती."

ताईनं त्याच दिवशी फोन काढून घेतला. कोणी लावला की तिची सरबत्ती सुरू व्हायची. "किल्लीवाला झोपलाय. आत मूल आहे? शेगडी चालू आहे? नाही ना, मग शेजाऱ्यांकडे बसा." आणि तसंच काही असलं तर त्याच्या घराखालच्या बेकरीवाल्याला फोन करून ती भावाला उठवायला सांगणार होती. तीन महिन्यांत तशी पाळी एकदाच आली.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. किडनीचा आकडा होता तिथेच होता. कागद बघून तो एवढंच म्हणाला, "किल्ली फिरली."

त्या आनंदात तो बस पकडून ताईकडे आला. तिच्या लोखंडी कपाटाची किल्ली अकरा वर्षांपूर्वी हरवली होती आणि अकरा वर्षं त्याचं "उद्या" चाललं होतं. जेवण झाल्यावर त्यानं हत्यारं मांडली, खुर्ची ओढली आणि खटका ऐकायला दाराला कान लावला. बराच वेळ झाला, तसा लावूनच बसला. ताईनं वाकून पाहिलं तर स्वारी घोरत होती.

तिनं डोकं आणि दार यांच्यामध्ये अलगद उशी सरकवली. जाग आली तेव्हा त्याच्या बसची वेळ झाली होती. कपाट बंदच राहिलं, आणि तो गेल्यावर ताई पत्र लिहायला बसली.