घाणीचा बैल आणि माझा डॉल्फिन

माझ्या फिल्मला पहिल्या टाळ्या दारव्ह्यात पडल्या आणि त्या ऐकून मला रडूच यायचं बाकी राहिलं.

कपाशीने दगा दिला ती वर्षं होती. आमच्या जिल्ह्यात तेव्हा कॅमेरा यायचा तो एकाच कारणासाठी, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी, आणि लोकांना तो पाठ झाला होता. कॅमेरा दिसला की म्हातारी माणसं न सांगता उंबऱ्यावर जाऊन बसायची. मी गावचीच मुलगी. हीसुद्धा तेच काढायला आली, असं सगळ्यांना वाटलं. मी आणलं होतं भलतंच. परदेशातल्या एका खाडीत होड्यांनी घेरून मारलेले डॉल्फिन, आणि त्यातलेच काही निवडून, तलावात कोंडून, उड्या मारायला शिकवलेले. आपल्याकडेही समुद्रकाठी असा तलाव बांधायचं घाटत होतं. महिन्याभराने त्यावर सुनावणी होती. तिथे ही फिल्म दाखवून तो बेत हाणून पाडायचा, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. त्याआधी घरच्या माणसांना दाखवून पाहावी म्हणून आले होते.

मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना चादरी बांधल्या. दुपारचं लोडशेडिंग, म्हणून लग्नातला जनरेटर लावला. खाडीतलं रक्त लोकांनी चूपचाप पाहिलं. मग तलावातला डॉल्फिन उडाला आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. दुसऱ्या उडीला शिट्ट्या. चूक माझीच होती. त्या उड्या मी इतक्या देखण्या टिपल्या होत्या की तलावाची तिकिटं विकायला तीच फिल्म चालली असती.

दिवे लागल्यावर समोरची एक बाई उभी राहिली. "इथं माणसं मरून राह्यले, अन तू मच्छीसाठी रडून राह्यली?"

मी तिला सांगितलं की डॉल्फिन मासा नसतो, तो पिल्लांना दूध पाजतो. असं उत्तर त्या बाईला, त्या वर्षी! आजही आठवलं की कानशिलं तापतात. ती निघून गेली. तिच्यामागे अर्धा हॉल गेला.

मी चिडून वायरी गुंडाळत होते. मागच्या खुर्चीवरून आमच्या गल्लीतले घाणीवाले काका पुढे आले. विजेची मशीन येईपर्यंत त्यांची बैलाने ओढायची लाकडी घाणी होती; गल्लीभर जवसाच्या तेलाचा वास असायचा.

"पोरी, मंधात तो नुसता फिरला ना, तेवढं परत लाव."

दोन उड्यांच्या मधला तो तुकडा होता. कंटाळवाणा म्हणून मी तो तीन सेकंदांवर आणला होता. मूळ टेप माझ्या पिशवीत होती, ती लावली. डॉल्फिन भिंतीच्या कडेकडेने फिरत होता, एकाच बाजूने, पुन्हापुन्हा. काका उभ्यानेच बघत राहिले.

"कोनी सांगून राह्यलं का त्याले फिराले?"

"नाही, काका. शो संपलेला आहे."

ते खुर्चीवर बसले. "घाणी बंद केली तवा बैलाच्या डोयाचं झापड काढलं, अन वावरात मोकया सोडला. इतलं मोठं वावर. तर तो गोलच फिरे. मले लय वाईट वाटलं. मंग रोज सकायी मी त्याच्या पुढं चालत जाओ, नदीपर्यंत. मी पुढं असलो का सरळ चाले. मी थांबलो का वळे."

"मग?"

"मंग काय? मरेपर्यंत चाललो त्याच्या पुढं. माह्यंच पाप होतं ते."

त्यानंतर मी फिल्ममधल्या सगळ्या उड्या काढून टाकल्या. फिरणं ठेवलं, पुरे चार मिनिटं, संगीताशिवाय. सुनावणीत कुणीही टाळी वाजवली नाही. एक साहेब मात्र समजुतीच्या सुरात म्हणाले, "दोन-चार वर्षं ठेवू आणि परत समुद्रात सोडून देऊ. मग तर हरकत नाही ना?"

माझ्याकडे कागदांची जाडजूड फाइल होती. ती मी उघडलीच नाही, दारव्ह्याच्या बैलाची गोष्ट सांगितली. मग विचारलं, "समुद्रात त्याच्या पुढे कोण चालणार, साहेब?" त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचं नाव पुकारलं.

तो तलाव झाला नाही. आवाज उठवणारे पुष्कळ होते, मी त्यांतली एक. तरी बातमी कळली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात दारव्ह्याला गेले आणि थेट काकांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"काका, जिंकलो! आपल्याकडे नाही होणार तो तलाव."

"बरं झालं, माय." त्यांनी मला पाणी दिलं. मी पिऊन होईपर्यंत ते थांबले. "अन तो? आपल्या पिक्चरातला?"

"तो तिकडचा ना, काका. तो तिथंच आहे."

"फिरून राह्यला?"

"हो," मी म्हणाले.