कूलर बंद करणाऱ्या सुमनकाकू

रायपूरच्या मे महिन्यात चालता कूलर बंद करणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. समता कॉलनीतल्या आमच्या शेजारीण सुमनकाकू मात्र काही बोलायचं असलं की आधी उठून कूलर बंद करतात, बोलून झालं की पुन्हा लावतात. आपण घामानं निथळत असतो आणि त्या सावकाश लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल सांगत असतात. जीव वैतागतो. पण मी बोलत नाही, कारण त्यामागचं कारण मला माहीत आहे.

काकूंचे यजमान वसंतकाका रेल्वेतून निवृत्त झाले आणि लकव्यानं अंथरुणाला खिळले. तोंड तेवढं शाबूत होतं. आतल्या खोलीतून दिवसभर हाका: "सुमन, पाणी! सुमन, उशी!" काकू पार थकून गेल्या. दुपारी मी गेले की बाहेरच्या खोलीत कूलरपाशी टेकायच्या, तीच त्यांची सुट्टी. जुना पत्र्याचा कूलर ट्रॅक्टरसारखा घरघरायचा. त्यात आम्ही चक्क ओरडायचो आणि आम्हाला वाटायचं, हळूच बोलतोय. "इतक्या आवाजात त्यायले काय ऐकू जाते!" काकू म्हणायच्या.

एका दुपारी त्यांचा बांध फुटला. "मायाच्यानं आता होत नाही वो. देवा, मले तरी उचल..." आणि लाइट गेली. कूलर थांबला, काकूंचा आवाज त्याच पट्टीत पुढे गेला. "नाहीतर यायले तरी उचल!"

घरभर गेलं ते. आतल्या खोलीतही.

त्यानंतर काका हाक मारीनात. तहान लागली तरी गप्प. लाइट आली तरी काकूंनी कूलर लावला नाही. दाराशी हातपंखा घेऊन, कान आत लावून बसायच्या. पाठ घामोळ्यांनी भरली. "हाक मारली अन् मले ऐकू नाही आली तं?" म्हणायच्या. "थकली होती, म्हणून बोलली. खरं थोडीच होतं?" मग जरा थांबून, "थोडंसं होतं वो."

असे किती दिवस गेले कोण जाणे. एकदा मी तिथंच असताना आतून बारीक आवाज आला. कूलर चालू असता तर तो कधीच ऐकू आला नसता.

"सुमन, कूलर लाव. उकडून मरशील."

काकू रडत आत गेल्या. कूलर काही लावला नाही. "बोला अजून," म्हणाल्या.

त्या वर्षी पावसाळ्याआधीच काका गेले. परवा न राहवून मी म्हटलं, "काकू, राहू द्या ना चालू. थोडं जोरानं बोला."

त्यांनी बटण बंद केलं.

"जोरानं बोलायचं नाही मले आता."