आंबिलीवरचा समुद्र

आंबिलीवर पापुद्रा धरू देणारी पोरगी निकामी, असा आमच्या अहेरीच्या घरातला कायदा होता. ज्वारीचं पीठ गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, शिजत असताना चाटू एकसारखा फिरवत राहायचा. हात थांबला की माय म्हणायची, "झोपली काय वो?" मी झोपत नव्हते, बघत होते. तेव्हाची मी, दोन वेण्या घालून स्वतःला गावातली सगळ्यात हुशार समजणारी ती बया, आज समोर आली, तर मीच तिच्या पाठीत धपाटा घालीन.

त्या हिवाळ्यात, जंगलात कोळसा शोधत फिरणारे एक साहेब शाळेत येऊन बोलून गेले. म्हणाले, कधीकाळी आफ्रिका आणि आपला मुलूख एकाच खंडात होते, आणि त्या खंडाला नाव दिलंय ते आपल्या गोंडांच्या मुलखाचं. मग जमीन ताणली गेली, मधोमध खचली, फाटली. फटीतून तापलेला रस वर आला, थिजला, तोच समुद्राचा नवा तळ झाला. आणि दोन्ही काठ सरकत सरकत दूर गेले. आपल्या प्राणहिता नदीच्या बाजूनंही जमीन अशीच फाटू पाहत होती, पण अर्ध्यावर थांबली. "हे सगळ्यांना पटत नाही बरं का," साहेब हसून म्हणाले. मला जागच्या जागी पटलं. हे तर मी रोज गंजात बघत होते.

चाचणीत प्रश्न आला, महासागर कसे झाले? पुस्तकात होतं की पृथ्वी थंड होताना आकसली आणि खोलगट भागांत पाणी साचलं. मी साहेबांचं लिहिलं. वर 'पुस्तकातले उत्तर चूक आहे' अशी ओळ लिहून तिच्याखाली रेघ मारली. शून्य मिळालं.

दोन-चार दिवसांनी गुरुजी घरी आले. मॅट्रिकसाठी मला चांद्याला मावशीकडे ठेवायचं की शाळा सोडवायची, हे बाबा त्यांच्या शब्दावर ठरवणार होते.

"तिनं उत्तर पुन्हा लिहून द्यावं," गुरुजी म्हणाले. "मग मी म्हणतो, पाठवा."

बाबा म्हणाले, "देऊन टाक ना लिहून बाई. तुयं काय जाते?"

"नाई लिहत. जमीन सरकते."

"कुठी सरकते? मले तर नाई दिसली."

"अंगणात या, दाखवते."

अंगणातल्या चुलीवर संध्याकाळची आंबील चढली होती. मी चाटू काढून बाजूला ठेवला. माय ओरडली, "ढवळ वो, खाली लागन!" मी लाकडं ओढून जाळ बरोबर मधे आणला. पापुद्रा धरला, तसे सुक्या मिरचीचे दोन तुकडे त्याच्यावर जवळजवळ ठेवले. "हे आफ्रिका, हे आपण."

पापुद्रा मधे फुगला, ताणला, चिरला. चिरेतून ताजी आंबील वर आली, तिच्यावर नवा पातळ पापुद्रा धरला, तोही मधेच फाटला. नवं सगळं मधोमध, जुनं कडेला. मिरच्या एकमेकींपासून दूर जात जात गंजाच्या दोन काठांना लागल्या.

गुरुजी वाकून बघत होते. चष्म्यावर वाफ धरली, ती त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसली.

"आंबील म्हणजे पृथ्वी नव्हे."

"मग पृथ्वी तुम्ही दाखवा, गुरुजी."

बाबांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता साऱ्या गावात माझं नाव होणार. झालं इतकंच, की करपल्याचा वास शेजारच्या घरापर्यंत गेला.

"लिहून दिल्याशिवाय माझा शब्द नाही," असं म्हणून गुरुजी निघून गेले.

मायनं तीच आंबील वाढली. बाबांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"पाठवून द्या तिले चांद्याले," माय म्हणाली. "गुरुजी सांगो का नोको सांगो. इथी राह्यली तर रोज हेच खा लागन."

"अन् लगन?"

"हे खाऊन कोण करन?"

अशी मी चांद्याला गेले, हुशार म्हणून नव्हे. पुढं मोठमोठ्या लोकांनी समुद्राचे तळ तपासले आणि साहेबांचंच खरं निघालं. पुस्तकं बदलली. मी मात्र ते उत्तर लिहून दिलं नाही, शून्यही तसंच आहे.

आता मी आंबिलीपुढं चाटू थांबवून उभी राहते, तेव्हा सून मागून सांगते, "आई, ढवळा, खाली लागतंय."

लागू दे. मधे आत्ता कुठं चिरायला लागलंय.