चोकडीतली मगर

ये गं, अशी जवळ ये. म्हणजे तू पुण्यात आणि मी बडोद्यात, तेव्हा हा कागदच जवळ धर. तुझी आई फोनवर सांगत होती, पोरीनं केरसुणीनं पाल ठेचली आणि मेल्यावरही ठेचतच राहिली. का गं? काय केलं होतं तिनं तुझं? आणि त्याच दिवशी शाळेसाठी ‘प्राणी आणि त्यांचं राहणं’ अशी चित्रांची वही करत होतीस म्हणे. वहीत पाल चिकटवायची आणि भिंतीवरची मारायची, शोभतं का? अर्थात तुझ्यावर ओरडायचा मला फारसा हक्क नाही. का, ते ऐक.

तेव्हा आम्ही कारेलीबागेत तळमजल्यावर राहायचो. विश्वामित्रीला पूर आला आणि सोसायटीत कमरेइतकं पाणी शिरलं. आमचं जोतं उंच, म्हणून पाणी दुसऱ्या पायरीला लागून थांबलं. तुझे आजोबा कारखान्यात अडकलेले. घरात मी, सासूबाई आणि ओट्यावर आसऱ्याला आलेली एक पिवळी कुत्री. रोज माझ्या हातची पोळी खायची, म्हणून ती माझीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेला भात मी पायरीवरून पाण्यात टाकला. समोर एक ओंडका तरंगत होता. भातासाठी कुत्री खाली उतरली आणि ओंडक्यानं तोंड उघडलं. कुत्रीची एकच किंकाळी ऐकू आली, तीही अर्धी. मगरीला चावून खाता येत नाही बरं का, तिचे दात नुसते धरायला. तुकडा तोडायचा तर ती स्वतःच गरागरा फिरते. तशी ती फिरली. पिवळं अंग वर, मग पांढरं पोट वर, पुन्हा पिवळं. पाणी लाल झालं. पायरीवर लाटा आल्या, त्याही लालच.

मी अजून पायरीवरच, आणि सासूबाई मागून म्हणतात, "वाहत्या पाण्यात ओंडका एका जागी थांबतो का गं? डोळे, कान, नाकपुड्या, सगळं तिच्या डोक्यावर असतं. तेवढं वर ठेवते, बाकीची पाण्याखाली." त्यांचे वडील संस्थानच्या प्राणीबागेत जनावरं सांभाळायला होते. त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक, आणि ऐकवायची हौसही दांडगी.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. सकाळी मी भांडी घेऊन मागच्या चोकडीत गेले. चोकडी म्हणजे भांडी-धुणं करायची ती कठड्याची जागा, इथे घरोघरी असते. तर तिथे, भिंत आणि टाकीच्या मधे मगर अडकलेली. माझ्याहून दीडपट लांब. तीच होती की दुसरी, देव जाणे. मी किंचाळले.

शेजारचे पुरुष काठ्या, पहारी घेऊन धावत आले. "भाभी, आघां खसो!" म्हणून मला मागे ढकलत होते. पण पहिला घाव माझा. कपडे धोपटायचा लाकडी दांडका, इथे त्याला धोका म्हणतात, तो उचलला आणि हाणला पाठीवर. तो उसळून परत आला, माझा हात खांद्यापर्यंत झिणझिणला. तिच्या पाठीच्या कातडीखाली हाडाच्या चकत्या असतात, जणू चिलखतच. तेवढ्यात तिनं शेपटी फिरवली. शेजारच्या काकांची नडगी लाकूड मोडावं तशी कडाडली. मग काय विचारतेस? "मारो, मारो!" पहारीचं टोक तिच्या कुशीत घुसलं. माझ्या भांड्यांमधून रक्त मोरीकडे वाहायला लागलं.

पाठ ऐकत नाही म्हटल्यावर मी तोंडाकडे सरकले. तिच्या डाव्या डोळ्यावर एक पारदर्शक पडदा सरकला. पाण्याखाली बघायला देवानं तिला तो दिलाय. मी तिथेच घाव घातला. डोळा फुटला. दुसऱ्यासाठी धोका उचलला, तर मागून कोणीतरी माझी वेणी खेचली. सासूबाई!

"तिनं भुकेपोटी मारलं. तुझं जेवण झालंय ना?"

"माझी कुत्री खाल्ली तिनं!"

"आणि भात कोणी टाकला होता?"

माझा हात खाली आला. अजून वर जात नाही गं तो, त्या प्रश्नापुढे.

सासूबाई पुरुषांवर ओरडल्या, "हवे बस करो!" मग माझ्याकडे वळल्या. "ओलं गोणपाट टाक तिच्या डोळ्यांवर. वळणीची दोरी सोड आणि तोंड बांध."

"मी?"

"डोळा मी फोडला का? तो जबडा मिटताना हाडाचा चुरा करतो, पण उघडायचं बळ नाही त्यात. दोरी पुरते."

मी बांधलं. तिचा श्वास मनगटाला लागत होता. अंग गारढोण. तीन दिवस ऊन नव्हतं, आणि आपल्यासारखी आतली ऊब तिला नसते, ती उन्हाकडून घ्यावी लागते. म्हणजे आम्ही धड पळूही न शकणारीला मारत होतो.

पुरुष मात्र पहारी सोडेनात. "एनो पग भांग्यो, अने तमे एने बचावो छो?" त्यांचंही खरंच होतं, पाय मोडलेले काका बाजूला विव्हळत होते आणि आम्ही तिला वाचवत होतो. मी पदर खोचला आणि तिच्या मानेवर जाऊन बसले. आता मारायचं तर आधी मला. काकांना दवाखान्यात नेलं, तरी मी बसलेलीच. दुपारी वनखात्याची माणसं आली, तेव्हा उठले.

"जगेल का हो?" मी विचारलं.

"एका डोळ्यावर शिकार जमली, तर जगेल," एक जण म्हणाला, आणि टेम्पो गेला.

थंडीत मगरी नदीकाठी ऊन खात पडतात, तोंडं उघडी टाकून. ती जांभई नव्हे हं, अंग फार तापलं की तशी ऊब बाहेर सोडतात. दरवर्षी मी पुलावर उभी राहून एकेकीचा डावा डोळा शोधते. आता माझेच डोळे तेवढं लांब पोचत नाहीत. तुझे चांगले आहेत. डिसेंबरच्या सुट्टीत ये, ऊन वर आलं की जाऊ आपण दोघी. नीट बघून मला खरं काय ते सांग. लवकर ये गं.